एका रात्रीचं गुहागर, जमेल का?

प्रश्न: ताई नमस्कार, डिसेंबरमध्ये आम्ही पुण्याहून मालवणला कारने जातोय. मी, मिस्टर, सासूबाई (वय ७२, गुडघे दुखतात) आणि दोन मुलं, ६ आणि ११ वर्षांची. एका दिवसात एवढा प्रवास सासूबाईंना झेपणार नाही म्हणून मधे एक रात्र मुक्काम करायचाय. मिस्टर म्हणतात चिपळूणला हायवेवरच लॉज बघू, मला मात्र गुहागर करायचंय कारण सासूबाईंचं कुलदैवत व्याडेश्वर आहे आणि त्यांचं जाणं कित्येक वर्षांत झालेलं नाही. एका रात्रीसाठी एवढं आत जाणं वेडेपणा आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर: अजिबात वेडेपणा नाही, जाच! कुलदैवत म्हटल्यावर तर प्रश्नच मिटला. ताम्हिणीने आलात काय किंवा कराडवरून कुंभार्ली घाट उतरलात काय, चिपळूणला यावंच लागतं आणि तिथून गुहागर साधारण ४५ किलोमीटर, रस्ता वळणावळणाचा आहे त्यामुळे सव्वा-दीड तास धरा. देऊळ गावातच आहे, मधे शंकर आणि चार कोपऱ्यांत बाकीच्या देवता असं पंचायतन, आणि देवळाच्या मागे थोडं चाललं की समुद्र. सासूबाईंसाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. राहायचं देवळाच्या जवळपासच बघा, आणि खोली तळमजल्यावरच हवी हे फोनवर दोनदा सांगा.

पण एक गोष्ट कळकळीने सांगते, चार-साडेचारपर्यंत पोचा. डिसेंबरात सहा-सव्वासहाला सूर्य बुडतो आणि तो किनाऱ्यावरून बघायला मिळाला नाही तर मग मिस्टरांचं चिपळूणच बरं होतं. आम्ही एकदा रात्री नऊला पोचलो होतो, सगळीकडे सामसूम, जेवण मिळेना, माझी मुलं बिस्किटं खाऊन झोपली, ते मला अजून लागतं. तिथे जेवण घरगुती असतं, किती माणसं आहेत ते कळल्यावरच बाई नारळ खवायला घेतात, त्यामुळे दुपारीच फोन करून सांगायचं. बऱ्याच ठिकाणी शाकाहारीच मिळतं, मासे हवे असतील तर आधी विचारून घ्या. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशीच सांगा, आयत्या वेळी होत नाहीत.

मुलांचं आता. किनारा लांबच लांब आणि मोकळा आहे, मागे सुरूचं बन, खेळायला मस्त, पण गर्दी नाही म्हणजे हाकेला धावून येणारंही कोणी जवळ नसतं. भरतीची वेळ काढायची कोकणातली सोपी रीत सांगते, तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि मग सहा-सव्वासहा तास पाणी ओसरत जातं. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. थोडं इकडेतिकडे होतं म्हणून पाण्यात उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचाराच. ओहोटी लागली की पाणी आत ओढतं, तेव्हा मुलांना घोट्याच्या वर जाऊ देऊ नका, अकरा वर्षांच्यालासुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी चिपळूणला परत जायची गरज नाही. सकाळी सासूबाईंना शांतपणे अभिषेक करू द्या, घाई नको, मग किनाऱ्याकिनाऱ्याने वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला या आणि जेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, गाडीसकट जयगडला उतरा, पुढे गणपतीपुळे करून रत्नागिरी. हेदवीला बामणघळ आहे, कातळातली अरुंद चीर, भरतीच्या लाटा आत घुसल्या की पाणी उंच उसळतं. ओहोटीत तिथे नुसते खडक दिसतात, म्हणजे पाऊणपटीचा हिशोब इथेही लागेल, द्वादशी असेल तर सकाळी नऊच्या आसपास बघायला मिळेल. सासूबाईंना मात्र खडकांवर नेऊ नका, त्यांना देवळापाशीच बसवा आणि मुलांनाही कडेपासून लांब धरा.

या रस्त्याने मालवणला पोचायला रात्र होईल हे मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा. आणि जेट्टीच्या वेळा आदल्या रात्री ज्यांच्याकडे उतराल त्यांनाच विचारा, एक फेरी चुकली की पुढची येईपर्यंत धक्क्यावर थांबावं लागतं, तेव्हा सासूबाईंसाठी पाणी आणि काहीतरी खायला गाडीत असू द्या.