शाळेला मदत करायची आहे? आधी शाळेत बसून या

या वेळच्या पत्रांत देणारेही आहेत आणि घेणारेही. दोन्ही बाजूंची पत्रं शेजारी ठेवून वाचली तर बरीचशी उत्तरं त्यांची त्यांनाच सापडतील, पण पत्रं माझ्याकडे आली आहेत, तेव्हा उत्तरंही मलाच द्यायला हवीत.

प्रश्न : आम्ही एकाच तुकडीतले माजी विद्यार्थी आहोत. आमच्या जुन्या शाळेला पन्नास टॅबलेट भेट द्यायचं ठरतंय. कोणत्या प्रकारचे घ्यावेत?

कोणते घ्यावेत हे मी सांगत नाही, कारण त्याच्या आधीचा प्रश्न तुमच्या पत्रात नाही. टॅबलेट शाळेनं मागितलेत का? ‘ठरतंय’ म्हणजे तुमच्या गटात ठरतंय. मुख्याध्यापक त्यात कुठे दिसले नाहीत.

पेरू देशात ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ ही योजना मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. ग्रामीण भागातल्या 319 प्राथमिक शाळांची पाहणी झाली आणि 2012 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुलांच्या हाती यंत्रं भरपूर आली होती, ती वापरलीही जात होती, पण गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक पडला नव्हता. आकलनाच्या काही सामान्य चाचण्यांत थोडी प्रगती दिसली, एवढंच. शिकवण्याची पद्धत जशी होती तशीच राहिली, आणि तिच्या शेजारी एक यंत्र येऊन बसलं.

यंत्रं सोडा, पुस्तकांचीही तीच गत होऊ शकते. केनियात 1990 च्या दशकात काही शाळांना पाठ्यपुस्तकं फुकट दिली. सरासरी गुण वाढले नाहीत. फायदा झाला तो आधीच हुशार असलेल्या मुलांना. कारण साधं होतं : पुस्तकं इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. पुस्तक हातात आलं, पण वाचता येईना.

मी पाहिलेल्या एका शाळेत देणगीतले संगणक प्लॅस्टिकच्या आवरणासकट कुलपात होते. बिघडला तर जाब कोण देणार, या धास्तीनं शिक्षक त्यांना हात लावत नव्हते. त्या शिक्षकांना मी दोष देत नाही.

तेव्हा तुमच्यापैकी दोघांनी एक अख्खा दिवस शाळेत बसून या. भेटीचा विषय काढू नका. मग मुख्याध्यापक, सर्वांत खालच्या वर्गाच्या शिक्षिका आणि शिपाई या तिघांना वेगवेगळं गाठून विचारा की इथं रोज कशावाचून अडतं. उत्तर बहुधा नीरस असेल : स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, नळाला पाणी येत नाही, मागच्या बाकांवर उजेड पोहोचत नाही. फोटोत चांगलं दिसेल असं त्यात काही नसेल. आणि चर्चेअंती टॅबलेटच हवेत असं निघालं तर जरूर द्या, पण जमलेल्या रकमेचा पाचवा हिस्सा तरी दुरुस्तीसाठी बाजूला ठेवून.

प्रश्न : मी मुख्याध्यापिका आहे. आमच्याकडे पाणी शुद्ध करणारी तीन यंत्रं आहेत, तिन्ही वेगवेगळ्या देणगीदारांची, तिन्ही बंद. आता चौथे देणगीदार आले आहेत. नाही म्हटलं तर पुन्हा कोणी फिरकणार नाही अशी भीती वाटते.

नाही म्हणू नका, दुसरं काहीतरी मागा. गरजांची एक लेखी यादी भिंतीवर लावून ठेवा, पालक आणि शिक्षकांनी मिळून केलेली. तिच्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा सगळ्या खर्चाच्या गोष्टी असाव्यात. ‘जुनी यंत्रं दुरुस्त करून दोन वर्षं त्यांची देखभाल’ ही नोंद सर्वांत वर घाला आणि चौथ्या पाहुण्यांना ती दाखवा. त्यांच्या नावाची पाटी लावायला तुमची हरकत नसेलच. दुरुस्त केलेल्या यंत्रावर लावा की! देणाऱ्याला कौतुक हवं असतं यात गैर काही नाही, फक्त ते कशाबद्दल करायचं हे शाळेनं ठरवावं.

आणि भीतीबद्दल. स्पष्ट यादी हातात ठेवणाऱ्या शाळेकडे लोक पुन्हा येतात, हा माझा अनुभव आहे. मिळेल ते घेणाऱ्या शाळेत दिलेल्या वस्तूचं काय झालं, हे पुढच्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही.

प्रश्न : मी पालक आहे आणि शाळेच्या समितीवर आहे. बैठकीला चार डोकी येतात, त्यांतली दोन चहा संपला की उठतात. लोकांना शाळेबद्दल आस्थाच नाही का?

आस्था असते. बैठक ही तिची जागा नसते.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात 2005-06 मध्ये झालेला एक प्रयोग तुम्हाला उपयोगी पडेल. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 280 गावांत ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेबरोबर तो केला. आधी पाहणी झाली. गावात शिक्षण समिती आहे हेच बहुसंख्य पालकांना ठाऊक नव्हतं. त्याहून मजेशीर म्हणजे, यादीत नाव असलेल्या सदस्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश लोकांना आपण सदस्य असल्याचा पत्ता नव्हता! मग काही गावांत समितीचे अधिकार समजावून सांगणाऱ्या सभा घेतल्या. काही गावांत त्याच्या जोडीला मुलांना वाचता येतं का हे गावकऱ्यांनीच तपासून निकाल सगळ्यांसमोर मांडायचा, असं केलं. दोन्हींचा परिणाम जवळजवळ शून्य. समित्या जाग्या झाल्या नाहीत, शिक्षकांची हजेरी सुधारली नाही.

तिसऱ्या गटातल्या गावांत मात्र आणखी एक गोष्ट केली. वाचन शिकवण्याची सोपी पद्धत इच्छुक तरुणांना दाखवली आणि शाळेबाहेर वर्ग घ्यायला सांगितलं. बिनपगारी स्वयंसेवक पुढे आले. त्यांच्या वर्गांत बसलेल्या मुलांचं वाचन ठळकपणे सुधारलं. त्या वर्गांना आलेली मुलं गावातल्या एकूण मुलांच्या मानानं थोडीच होती, हेही सांगायला हवं.

मला यातून दिसतं ते असं : ‘शाळेवर लक्ष ठेवा’ म्हटल्यावर लोक पांगतात, कारण लक्ष ठेवून पुढे काय करायचं ते कळत नाही आणि शिक्षकांशी वाकडं येतं ते वेगळंच. ‘रोज संध्याकाळी या आठ मुलांना वाचायला घ्या’ म्हटलं की माणूस थांबतो. तुमच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर एकच काम ठेवून पाहा, ज्याला नाव, वार आणि वेळ आहे. ज्यांना बैठकीला यायला जमत नाही त्यांनाही काम द्या. पोटापाण्यामागे धावणाऱ्या आईला दुपारच्या सभेला बोलावून ती आली नाही म्हणून तिला उदासीन ठरवणं मला पटत नाही.

प्रश्न : निवृत्त झालो आहे. आठवड्यातून एक तास शाळेत शिकवलं तर काही उपयोग होईल का?

होईल, पण वर्गाला व्याख्यान देऊ नका. वाचनात अडलेली चार-पाच मुलं शिक्षकांकडून मागून घ्या. त्यांची इयत्ता बाजूला ठेवा आणि ती जिथं अडली आहेत तिथून सुरुवात करा. एका तासाऐवजी अर्ध्या तासाचे दोन दिवस झाले तर अधिक बरं. न चुकता जा. पाच आठवडे येऊन सहाव्याला गायब होणारे आजोबा मुलांना नकोसे होतात. मुलांसोबत बसायचं ते उघड्या दाराच्या खोलीत, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या नजरेच्या टप्प्यात. शाळेनं हा नियम केला नसेल तर तुम्हीच करायला सांगा.

प्रश्न : शाळेच्या कामाला द्यावं की मुलांच्या आरोग्याला?

मूल शाळेत का येत नाही, त्यावर ठरवा. केनियातल्या 75 शाळांत जंताचं औषध दिल्यावर गैरहजेरी सुमारे चौथाईनं घटली, असं 2004 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. गुण मात्र वाढले नाहीत. औषधानं मूल बाकावर येऊन बसतं, शिकवावं लागतंच.

प्रश्न : आमचा छोटा विश्वस्त निधी आहे. एका शाळेला किती वर्षं मदत करावी? लोकांकडूनही वर्गणी घ्यावी का?

अमेरिकेतले व्यापारी जूलियस रोझेनवाल्ड यांचं उदाहरण देतो. कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सल्ल्यानं त्यांनी 1912 पासून दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा बांधायला मदत सुरू केली. 1932 पर्यंत जवळजवळ 5000 शाळा उभ्या राहिल्या. पूर्ण खर्च ते कधीच देत नसत. काही वाटा स्थानिक लोकांनी पैसा, लाकूड, जमीन किंवा श्रम या रूपानं उचलायचा आणि शाळा सरकारी व्यवस्थेनं ताब्यात घेऊन चालवायची, ही अट होती. शिवाय आपल्या मृत्यूनंतर 25 वर्षांच्या आत निधी संपवून टाकावा असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. ते 1932 साली गेले, निधी 1948 मध्ये बंद झाला. सरकारी व्यवस्थेवर शाळेची जबाबदारी टाकणारी ती अट मला सगळ्यांत मोलाची वाटते.

पण याची दुसरी बाजू विसरू नका. ते कृष्णवर्णीय लोक करही भरतच होते, आणि गोऱ्या मुलांना त्या करातून मिळणारी शाळा आपल्या मुलांसाठी मिळावी म्हणून त्यांना वर वर्गणी द्यावी लागली. गरिबांकडून दोनदा वसुली होतेय का, हे वर्गणी मागताना तपासा. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांचे श्रम आणि त्यांचं मत, दोन्ही वाटा म्हणून धरा. मताशिवाय नुसते श्रम घेतले तर ती वेठबिगारी झाली.

मत न विचारल्याचं फळ अमेरिकेतल्या न्यूअर्क शहरात दिसलं. 2010 साली ‘फेसबुक’चे मार्क झुकरबर्ग यांनी तिथल्या शाळांसाठी 10 कोटी डॉलर जाहीर केले ते थेट टीव्हीवरच्या कार्यक्रमात, आणि शहरातल्या बहुतेकांना ही बातमी त्या पडद्यावरूनच कळली. पुढे शाळा बंद करण्यावरून आणि बदलण्यावरून वर्षानुवर्षं संताप धुमसत राहिला.

तुमच्यासारख्या लहान निधीनं एका शाळेला तीन ते पाच वर्षं धरून राहावं, दरवर्षी वेगळी शाळा शोधू नये. शेवटची तारीख पहिल्याच बैठकीत सांगा. तुमच्या पैशातून कोणाचा पगार निघत असेल, तर तो पुढे कोण देणार हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत कागदावर आलं पाहिजे. नाही आलं तर तिसऱ्या वर्षी नवीन काही सुरू न करता तोच एक विषय लावून धरा.