डॉक्टरांना विचारा : ‘गळू’ म्हणून चीर देऊ नका

प्रश्न : आमच्या घरी कोल्हापुरी चपला बनतात. बारा दिवसांपूर्वी धाकटे दीर घसरून पडले आणि चामडं कापायची सुरी उजव्या कुल्ल्यात घुसली. जखम बोटभर रुंद. रक्त बरंच गेलं, पण दाबून धरल्यावर थांबलं. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोन टाके घातले, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. आता तिथं लिंबाएवढी सूज आलीय, ठणकते. पायाला मुंग्या येतात. डॉक्टर म्हणतात, गळू झालंय, चीर देऊ. दीर लाजतात, दुसरीकडं दाखवायला तयार नाहीत. काय करावं?
— एक वहिनी, सुभाषनगर, कोल्हापूर

उत्तर : ताई, चीर देऊ देऊ नका. शेक नको, चोळणंही नको. आजच त्यांना सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जिथं सर्जन आणि सीटी स्कॅन दोन्ही आहेत तिथं न्या.

गळू असेलही. पण कुल्ल्याच्या आत, हाडालगत, ओटीपोटातून एक जाड धमनी बाहेर येते. सुरीचं टोक तिला निसटतं लागलं की रक्त आजूबाजूच्या मांसात साठतं आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, धडधडणारी गाठ तयार होते. तिला आम्ही स्यूडोॲन्युरिझम म्हणतो. गळू समजून ती फोडली तर रक्ताची चिळकांडी उडते. वरून दाबून ती थांबेलच असं नाही, कारण तुटलेली धमनी आखडून ओटीपोटात शिरते. हात ठेवल्यावर सूज नाडीबरोबर उडत असेल तर शंका बळावते, पण उडत नसली म्हणून निर्धास्त राहू नका. शिरेतून औषध देऊन सीटी काढला की उलगडा होतो. धमनीच निघाली तर बहुतेकदा जांघेतून बारीक नळी घालून ती आतूनच बंद करता येते.

मुंग्यांचं कारण बहुधा पायाकडं जाणारी सायटिक नस. ती त्याच वाटेनं खाली उतरते. दिरांना टाच टेकवून पावलाचा पुढचा भाग वर उचलता येतो का बघा. चालताना चप्पल पायातून निसटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

इंटर्न होतो तेव्हा जत्रेतल्या मारामारीत भोसकलेला एक पोरगा चालत आला होता. इंचभर भोक. आम्ही हसत हसत टाके घातले. दोन तासांत नाडी १३०, पोट कडक. वार गुदाशयापर्यंत गेला होता. आठवडाभर तो मरणाच्या दारात होता आणि पुढं कित्येक महिने पोटावर शौचाची पिशवी बांधून फिरला. तेव्हापासून कुल्ल्यावरचा वार म्हटला की मी तो पोटावरचाच धरतो. दोन्ही खुब्यांच्या उंचवट्यांमधून आडवी रेघ काढा. तिच्या वरचा वार जास्त घातकी, कारण त्याच्यासमोर आतडं, मूत्राशय आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात.

म्हणून पहिल्याच दिवशी गुदद्वारात बोट घालून तपासावं लागतं. इथंच मंडळी बिथरतात. पण बोटाला रक्त लागलं तर दुर्बीण घालून बघायचं, लघवीत रक्त आहे का बघायचं आणि संशय असला की सीटी. जखमेत चिमटा घालून खोली मोजायची नाही. आत धरलेली गुठळी सुटते. वरून दिसणारं भोक खोलीबद्दल काहीच सांगत नाही.

सुरी अडकून राहिली असेल तर उपसायची नाही. कापड घट्ट दाबून धरायचं, पालथं किंवा कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन. ‘आधी पोलीस’ म्हणून कोणी अडवलं तर ऐकू नका. जीव वाचवणारा उपचार कागदपत्रांसाठी थांबवायचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच सांगितलंय.

दिरांना म्हणावं, आम्ही रोज हेच बघतो, कुणाला काही वाटत नाही. आणि निघताना त्या सुरीचं पातं किती लांब आहे ते मोजून घ्या. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील.