शेततळे बोअरने भरण्याआधी

माण नदीच्या काठी आपले चार एकर डाळिंब आहे, 30 × 30 मीटरचे शेततळे मंजूर झाले आहे आणि ते भरण्यासाठी दुसरे बोअर घ्यावे का, असे आपण विचारले आहे. वाचताना माझाच जुना हिशेब समोर आल्यासारखे वाटले. अस्तरीकरण (तळ्यात प्लास्टिक अंथरणे) आणि ठिबक आपणास ठाऊक असणारच, त्यात शिरत नाही.

माझी चूक जागेची होती. ओढ्याच्या वाटेत तळे घेण्याऐवजी मी ते बोअरशेजारच्या माळावर घेतले, कारण तेथून ठिबकला उताराने पाणी मिळणार होते. पावसाचे पाणी माळावर चढून येत नाही, हे तेव्हा सुचलेच नाही. मग नोव्हेंबर ते जानेवारी, रात्री वीज येईल तेव्हा उठून, मी जमिनीखालचे पाणी उपसून उन्हात नेऊन ठेवत राहिलो. उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी काठोकाठ भरलेल्या 900 चौरस मीटरच्या तळ्यातून दिवसाला 7,200 लिटर उडून जातात; झाडांना थेंबही न देता अस्तरावरची क्षाराची पांढरी रेघ आठवड्याला तीन बोटे उघडी पडत असे. आपल्याकडच्या बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या खडकात, पाणी मुख्यतः वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत असते, त्यामुळे मी उपसले ते शेजाऱ्यांच्या विहिरीचेही होते. मार्चमध्ये त्यांच्या विहिरीचा तळ दिसला आणि आमचे बोलणे जवळजवळ थांबले.

खोदाईपूर्वी चूक उमगली होती, हे अधिक बोचते. जागा ओढ्याकडे हलवण्यासाठी मी एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले. गट क्रमांक तोच असूनही, जागा बदलली तर मंजुरी रद्द होईल आणि नव्याने अर्ज करावा लागेल, असे सांगण्यात आले. सातबारा, आठ-अ, छायाचित्रे सारे तपासले गेले. तळ्यात पाणी कोठून येणार, हे कोणीही विचारले नाही.

मी भूजलतज्ज्ञ नाही आणि आपला खडक वेगळा असू शकतो, तरीही माझे मत स्पष्ट आहे: दुसरे बोअर घेऊ नका. महाराष्ट्र भूजल अधिनियम, 2009 नुसार शेतीसाठी 60 मीटर (सुमारे 200 फूट) किंवा त्याहून खोल विहिरीस, म्हणजे बोअरलाही, परवानगी नाही, मग आपल्या भागात 500 फुटांच्या बोअरच्या गोष्टी कितीही सर्रास होवोत. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने शेतीसाठी बोअर बंद ठेवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. एका शेतकऱ्यालाही ते जमते. ऑक्टोबरमध्ये दोरी सोडून विहिरीतील पाणी मोजा आणि तेवढीच झाडे जगवा, प्रसंगी एक एकर काढून टाका. आंबे बहाराऐवजी (जानेवारी-फेब्रुवारीतली फुले) मृग बहार (जून-जुलैतली फुले) धरला तर उन्हाळ्याचे पाणी बरेच वाचते, मात्र पावसाळी हवेत तेल्या हा तेलकट डागांचा रोग अधिक त्रास देतो, हे गृहीत धरावे.

तळे झालेच, तर चारही बाजूंना गाठी मारलेले दोर बांधून ठेवा. ओल्या अस्तरावर पाय ठरत नाही. आमच्या तळ्यात पडलेली शेळी काढताना मीच आत घसरलो होतो.