पॅनोरमिक फिल्म कॅमेऱ्यात वाकणारी रेषा हा दोष नव्हे

रुंद निसर्गदृश्यांपलीकडे पॅनोरमिक फिल्म कॅमेऱ्याने सर्जनशील असे काय करता येते, आणि साधे छायाचित्र वरून-खालून कापून तेच मिळणार नाही का, असे आपण विचारले आहे. आमच्या छायाचित्रण मंडळातील एका ज्येष्ठांनी मला हेच चारचौघांत सुनावले होते, म्हणून लिहायला बसलो.

माझ्याकडे वाइडलक्स एफ७ आहे. शटर दाबले की त्याची २६ मिमीची लेन्स फिरू लागते आणि एका उभ्या फटीतून फिल्मवरची २४ × ५९ मिमीची चौकट या टोकापासून त्या टोकापर्यंत क्रमाने उजळत जाते. त्यामुळे चित्राचे दोन काठ एकाच क्षणाचे नसतात. कापून रुंद आकार मिळेल, हा सरकता काळ मिळणार नाही.

घरच्या बारा जणांना मी प्रथम सरळ रांगेत उभे केले, तर मधली मंडळी मोठी आणि टोकांची अगदी किरकोळ दिसू लागली. मग कॅमेरा केंद्रस्थानी धरून सर्वांना कमानीत उभे केले. प्रत्येकाचे अंतर सारखे झाल्याने चित्रात ती कमान सरळ रांग होऊन उतरली आणि मागची सरळ भिंत मात्र दोन्ही टोकांना निमुळती होत गेली. पुढे १/१५ सेकंदाच्या संथ शटर-वेगावर पुतण्याला एका काठाशी उभे केले. लेन्स त्याच्यावरून सरकताच तो माझ्या पाठीमागून धावत दुसऱ्या काठाशी गेला आणि तिसऱ्या प्रयत्नात एकाच चौकटीत दोनदा आला, एकदा गंभीर, एकदा धापा टाकत हसणारा. त्या ज्येष्ठांनी कमानीचे चित्र पाहून ‘भिंत वाकली आहे’ एवढेच म्हटले आणि ते बाजूला ठेवले. भिंत वाकली म्हणूनच माणसे सरळ आली, हे त्यांनी ऐकून घेतले नाही.

सरळ रेषाच हव्या असतील तर १९९८ सालचा हॅसलब्लाड एक्सपॅन घ्यावा. त्याची लेन्स फिरत नाही, त्यामुळे तिथे कापण्याचा मुद्दा बराचसा खरा आहे, हे मला मान्य करावे लागेल. मात्र त्याची २४ × ६५ मिमीची चौकट कापून उरलेली नसते, ती फिल्मवर तेवढीच रुंद उमटलेली असते.

आपण फिरत्या लेन्सचाच कॅमेरा घेतलात, तर पहिला रोल डोंगरांवर घालवू नका, माणसांच्या जवळ जा. लेन्स ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने चालणारा माणूस लांबट येतो आणि उलट दिशेचा आखडतो, हे एकदा मुद्दाम करून पाहा. कॅमेऱ्यावरच्या पातळीदर्शक नळीतला बुडबुडा मध्यावर न ठेवता कॅमेरा कलवलात तर क्षितिज वाकते, तेही हवे तेव्हा वापरा. फ्लॅशचा मात्र उपयोग नाही, कारण तो फटीपुरताच पट्टा उजळतो. शिवाय जुन्या कॅमेऱ्याची यंत्रणा अडखळत असेल तर चित्रावर उभे पट्टे उमटतात. विकत घेण्यापूर्वी एक रोल काढून धुऊन पाहावा.