बाग हाकेच्या अंतरावर, तरी आई घरातच : वाचकांचे प्रश्न

ज्येष्ठांना बागेत आणि समाजमंदिरात येणं सोपं कसं करायचं, यावर आलेल्या प्रश्नांपैकी सहा इथे घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

आमच्या बागेत आम्ही खास ज्येष्ठांसाठी व्यायामाची यंत्रं बसवली. त्यांवर मुलंच लोंबकळतात, ज्येष्ठ फिरकत नाहीत. चुकलं कुठे?

यंत्रं राहू द्या बाजूला, आधी टेप घेऊन बाक मोजा. बसायची जागा जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर उंच हवी. त्याहून बऱ्याच खाली असलेल्या बाकावर बसता येतं, उठता येत नाही. आणि सत्तरी ओलांडलेला माणूस बसण्याआधी उठण्याचा विचार करतो. दोन्ही बाजूंना हात टेकायला दांडे हवेत, मागे पाठ हवी. बाकाखालची जागाही मोकळी हवी. हे शेवटचं कुणाच्या लक्षात येत नाही. उठताना आपण पावलं मागे घेतो आणि अंग पुढे झुकवतो. बाकाखाली भरीव बांधकाम असेल तर पावलं मागे जाणार कुठे? खुर्चीत बसून, पाय पुढे पसरून, हात न टेकता उठून बघा. तरण्याताठ्या माणसालाही जमत नाही. सिमेंटचे बिनपाठीचे कट्टे टिकाऊ असतात हे खरं, म्हणून तर ते सगळीकडे दिसतात.

दुसरं, बाकांमधलं अंतर. सगळे बाक सावलीच्या एका कोपऱ्यात आणि चालायचा रस्ता बागेच्या कडेकडेने, असं बहुतेक ठिकाणी असतं. गुडघे दुखणारा माणूस पुढचा बाक नजरेच्या टप्प्यात असेल तरच पुढे निघतो. पन्नासेक मीटरवर एक बाक, हा हिशेब बरा. शिवाय प्रत्येक बाकाच्या एका बाजूला ९० सेंटिमीटर फरसबंद जागा सोडा. व्हीलचेअरवरच्या आजोबांना आजींच्या शेजारी थांबता आलं पाहिजे, वाटेत मधोमध नव्हे.

आता यंत्रं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ६५ च्या पुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. दोन्ही पाय अधांतरी झुलवणारं यंत्र डळमळत्या तोलाच्या माणसाला घाबरवतं, आणि त्याची भीती योग्यच आहे. तोलाच्या व्यायामाला लागते ती पक्की आडवी दांडी, जिला धरून एका पायावर उभं राहता येईल. नवं यंत्र घेण्याआधी ती बसवा आणि सुरुवातीचे काही आठवडे शिकवायला कुणीतरी उभं करा.

आई पूर्वी रोज फिरायला जायची. आता बागेत जायचं असलं की दुपारपासून पाणी पीत नाही. स्वच्छतागृह आहे, पण कुलूप असतं.

ही तक्रार मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येते, आणि बहुतेकदा मुलींकडून. आया स्वतः बोलत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये जगातल्या ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून वयस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. तिच्या यादीत बाकांबरोबर स्वच्छ, सोयीच्या जागी असलेली, ठळक पाट्या लावलेली स्वच्छतागृहंही आहेत. म्हणजे हे दुखणं एकट्या तुमच्या आईचं नाही.

पाणी न पिणं मात्र थांबवायला हवं. वयानुसार तहानेची जाणीवच कमी होते. त्यात मुद्दाम पाणी तोडलं तर रक्तदाब उतरून चक्कर येते, आणि चक्कर आली की माणूस पडतो. डॉक्टरांशीही एकदा बोला. वारंवार जावं लागण्यावर उपचार असू शकतात, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीची वेळ कधी कधी बदलता येते. ते मनाने करू नका.

बागेच्या व्यवस्थापनाकडे मागणी करताना नुसतं ‘स्वच्छतागृह उघडा’ म्हणू नका. बाग उघडी तोवर कुलूप नको, किल्ली कुणाकडे असते ते पाटीवर हवं, आत धरायला दांडी हवी, बसायला कमोड हवा, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर त्याच्याच अंगाला अडून आत उघडणारं दार उघडत नाही.

दुचाकी आत शिरू नयेत म्हणून दारात खांब रोवले. आता व्हीलचेअर शिरत नाही.

इथे थोडी पंचाईत आहे. व्हीलचेअरला मोकळेपणी जायला ९० सेंटिमीटर लागतात आणि तेवढ्यातून स्कूटरही सहज जाते. दोन्ही साधणारी फट नाही. खांब ९० सेंटिमीटर अंतरावर ठेवा आणि दुचाकीवाल्यांना माणसाने अडवा. ‘व्हीलचेअर आली की बाजूचं फाटक उघडतो’ हे उत्तर मी मान्य करत नाही. रखवालदार चहाला गेला की ते फाटक भिंत होतं.

तीन पायऱ्यांच्या जागी रॅम्प करतोय. कंत्राटदार म्हणतो दोन मीटर पुरे.

पुरे नाही. १ ला १२, म्हणजे १ सेंटिमीटर चढाला १२ सेंटिमीटर लांबी, हा उतार बहुतेक ठिकाणी कमाल धरतात. तीन पायऱ्या मिळून ४५ सेंटिमीटर चढ असेल तर रॅम्पची लांबी निदान ५.४ मीटर हवी. जागा असेल तर १ ला २० करा, वॉकरवाले दुवा देतील. दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली दीड मीटर सपाट जागा ठेवा. आणि पायऱ्या काढू नका. गुडघ्याचा त्रास असलेल्या काहींना उतरणीपेक्षा कठडा धरून पायऱ्या उतरणं सोपं जातं.

बाबांची दृष्टी ठीक आहे म्हणतात, पण संध्याकाळी बागेत अडखळतात. दिवे वाढवावेत का?

वाढवण्याआधी ते कुठे लागलेत ते पाहा. वयाबरोबर बाहुली लहान राहते, डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, त्यामुळे आत पोहोचणारा उजेड कमी होतो. त्याचबरोबर झगमगाट सोसत नाही, आणि उजेडातून अंधारात गेल्यावर नजर सावरायला वेळ लागतो. उंच खांबावर एकच प्रखर दिवा आणि पुढे काळोख, ही मांडणी त्यांच्यासाठी सगळ्यात वाईट. कमी प्रखर, खालच्या बाजूला वळवलेले, सलग दिवे हवेत. पायरीच्या कडेला फरशीपेक्षा वेगळा, ठळक पट्टा ओढा. एक डबा रंग, काम झालं. झाडाच्या मुळांनी उचललेले ब्लॉक मात्र काढून पुन्हा बसवावे लागतील.

तरीही बाबांचे डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू बेताबेताने वाढतो, त्याला ‘ठीक आहे’ म्हणायची सवय होऊन जाते.

मी ७४ वर्षांचा आहे. मागे एकदा बागेत पडलो. फार लागलं नाही, पण आता पाय बाहेर निघत नाही. मुलगा म्हणतो, घरात चालत जा.

मुलाची काळजी समजते, पण सल्ला मला पटत नाही. भीतीने हालचाल कमी होते, त्याने पाय कमजोर होतात, आणि कमजोर पायांचा माणूस पुन्हा पडण्याचा धोका जास्त. आधी का पडलात ते शोधा. घसरलात, अडखळलात की चक्कर आली? चक्कर असेल तर बागेआधी दवाखाना, आणि सोबत सगळ्या गोळ्या न्या. अडखळला असाल तर चपला पाहा. मागे पट्टा नसलेल्या सैल चपला मी पहिल्यांदा काढायला लावते.

मग फिजिओथेरपिस्टकडून तोलाचे व्यायाम शिका. ताई ची या मंद हालचालींच्या प्रकाराने पडणं कमी होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे; जवळच्या समाजमंदिरात वर्ग असेल तर चौकशी करा. वर्गात खुर्च्या आहेत का, शिकवणाऱ्याचा आवाज मागे पोहोचतो का, तेही विचारा. बागेत मुलाला घेऊन जा. पहिल्या दिवशी फक्त दारापासून पहिल्या बाकापर्यंत चाला, बसा, उठा आणि परत या. मुलाने हात धरायचा नाही, शेजारी चालायचं. काठी लागली तर घ्या. तिची उंची मनगटाच्या सुरकुतीपाशी आली पाहिजे. वडिलांची जुनी काठी आहे म्हणून तीच वापरू नका.