तबकडी सोळा इंची, ग्रामोफोन बारा इंची

जुने रेडिओ, तबकड्या आणि टेप यांबद्दल वाचक विचारतात, मी जमेल तसं उत्तर देतो. या खेपेला चारांपैकी तीन पत्रं पलटणींच्या रेडिओबद्दल निघाली. चौथं कॅसेटबद्दल आहे, तेही त्याच रांगेत बसवून टाकलं आहे.

प्रश्न : दिवाळीच्या साफसफाईत आमच्या आजेसासऱ्यांची लोखंडी ट्रंक उघडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते कलकत्त्याला लष्कराच्या पुरवठा खात्यात कारकून होते. ट्रंकेत गोधडीत गुंडाळलेल्या दोन काळ्या तबकड्या निघाल्या. एक नेहमीच्या मोठ्या रेकॉर्डएवढी आहे, तिच्यावर इंग्रजीत 'व्ही-डिस्क' असं छापलंय. दुसरी परातीएवढी. ती घरातल्या चावीच्या ग्रामोफोनवर बसतच नाही. सासूबाई म्हणतात, भंगारवाल्याला द्या. धाकटे दीर म्हणतात, लाखांत विकली जाईल. खरं काय? आणि वाजवायच्या कशा?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी दीरांची समजूत काढू. व्ही-डिस्क अमेरिकन लष्करानं 1943 ते 1949 या काळात आपल्या सैनिकांसाठी काढल्या आणि 80 लाखांहून जास्त प्रती जगभर धाडल्या. त्यामुळे लाखाची गोष्ट सोडा. पण म्हणून सासूबाईंचंही ऐकू नका.

या तबकड्यांची जन्मकथा मजेची आहे. 1 ऑगस्ट 1942 पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं रेकॉर्ड कंपन्यांशी असहकार पुकारला होता. वादक मैफली करत, रेडिओवर वाजवत, पण रेकॉर्डिंगला बसायला तयार नव्हते. मोठ्या कंपन्यांशी तडजोड व्हायला 1944 चा नोव्हेंबर उजाडला. मधल्या काळात लष्करानं संघटनेला गळ घातली, की निदान सैनिकांसाठी तरी वाजवा. संघटना कबूल झाली, पण अट घातली : या तबकड्या विकायच्या नाहीत आणि युद्ध संपलं की नष्ट करायच्या. म्हणजे ज्या काळात बाजारात नवं ध्वनिमुद्रण जवळजवळ नव्हतं, त्या काळातले नामांकित वादक या फौजी तबकड्यांवर सापडतात. जाझ पियानोवादक फॅट्स वॉलर डिसेंबर 1943 मध्ये वारला. त्याच्या शेवटच्या ध्वनिमुद्रणांपैकी काही याच तबकड्यांसाठी केलेली आहेत. पुष्कळदा वादक सुरुवातीला दोन शब्द बोलतो, "मुलांनो, कसे आहात," अशा थाटात. तुमच्या तबकडीवर तसं काही असलं, तर ते जपण्यासारखं आहे.

अट पाळली गेली. मूळ साचे मोडले, तबकड्या गोळा करून फोडल्या. आज ज्या शिल्लक आहेत त्या कुणीतरी नियम मोडून ट्रंकेत दडवल्या म्हणून. आजेसासऱ्यांनी ती कुणा गोऱ्या सार्जंटकडून मागून घेतली की उचलली, हे आता कोण सांगणार! मला विचाराल तर उचलली असली तरी बरंच केलं.

आता परात. ही बहुधा एएफआरएसची, म्हणजे अमेरिकन सैन्याच्या रेडिओ सेवेची तबकडी. ही सेवा 1942 मध्ये सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम लॉस एंजेलिसला तयार होत. तिथून सोळा इंची तबकड्यांवर उतरवून ते विमानानं ठिकठिकाणच्या फौजी केंद्रांवर जात. कलकत्त्याला आणि दिल्लीलाही अशी केंद्रं होती. एका बाजूला साधारण पंधरा मिनिटं मावत, वेग मिनिटाला 33⅓ फेरे. सैनिकांनी पत्रानं काहीही मागावं आणि सिनेनटांनी ते पुरवावं, असा एक कार्यक्रम फार गाजला होता. एका पठ्ठ्यानं कॅरोल लँडिस या नटीचा नुसता उसासा मागितला होता. तो तिनं रीतसर मायक्रोफोनसमोर टाकला. अमेरिकेतले लोकप्रिय कार्यक्रमही पाठवत, पण जाहिराती कापून. सिगारेटच्या छापावरून नाव असलेल्या 'कॅमल कॅरव्हॅन'चं फौजेसाठी 'कॉमेडी कॅरव्हॅन' झालं, कारण सरकारी रेडिओवर उंटाची सिगारेट कशी खपवायची?

लेबल नीट पाहा. एसएसएल या अक्षरांपुढे आकडा असेल तर माझा अंदाज पक्का समजा. कार्यक्रमाचं नाव आणि भाग क्रमांकही तिथेच असतो. लेबलाचा आणि त्याच्या कडेच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेल्या आकड्यांचा फोटो काढा, दिवसाउजेडी, तिरप्या प्रकाशात. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये या सेवेच्या तबकड्यांचा प्रचंड साठा आहे. तुमचा भाग त्यांच्याकडे आहे का, हे आकड्यावरून विचारता येतं.

वाजवण्याचं म्हणाल तर चावीच्या ग्रामोफोनवर मुळीच नको. त्याचा साउंडबॉक्स शंभर-सव्वाशे ग्रॅमनं पिनेवर दाबतो. त्या वेळी छावण्यांमध्ये व्ही-डिस्क तशाच वाजवत, पण तेव्हा त्या उद्या फोडायच्याच होत्या. परातीवरची आवाजाची खाचही त्या काळच्या रेकॉर्डसारखी रुंद असते. आजच्या एलपीची बारीक पिन त्यात तळाशी घरंगळते आणि नुसती खरखर देते. तीन मिलची, म्हणजे इंचाच्या तीन हजारांश जाडीची पिन लागते.

सोळा इंचांसाठी मी एकदा जुगाड केलं होतं, ते सांगतो. महूला सिग्नल्सच्या एका वर्कशॉपमध्ये मी सत्तावीस वर्षं काढली. तिथल्या सुतारकामाच्या मिस्त्रीकडून सागाची पंधरा इंची दांडी तासून घेतली, तिच्या टोकाला पिकअप, म्हणजे पिन धरून आवाज उचलणारा भाग, बसवलं आणि मागच्या टोकाला तोल साधायला शिशाचा तुकडा, तोही सायकलवाल्याकडून आणलेला. ही दांडी टर्नटेबलाच्या बाहेर वेगळ्या ठोकळ्यावर उभी केली. तबकडीखाली प्लायवुडची गोल चकती, म्हणजे तबकडी मूळ हाताच्या खुंटीवरून निर्धास्त फिरते. पहिल्यांदा पिन कडेला टेकवली तर आवाजच नाही, पिन घसरून बाहेर. तास गेला. मग लेबलावर 'आतून सुरू' अशा अर्थाची सूचना दिसली! या मोठ्या तबकड्यांपैकी काही बाहेरून आत वाजतात आणि काही आतून बाहेर. कार्यक्रमाचा एक तुकडा संपून दुसरा लागताना आवाजाचा पोत बदलू नये, म्हणून ही युक्ती. तुमच्या लेबलावर आधी हेच बघा.

धुवायचं तर डिस्टिल्ड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, आणि लेबल कोरडं ठेवायचं. स्पिरिट लावू नका. हे मी पोळून शिकलोय. एका भंगाराच्या ठेल्यावर मला ॲल्युमिनियमवर काळा लेप दिलेली तबकडी मिळाली होती. कागदाच्या चिठ्ठीवर मराठीत पेन्सिलीनं फक्त 'नानांचा निरोप' एवढंच. वर पांढरी भुकटी साचली होती, म्हणून मी कापसाला स्पिरिट लावून पुसली. कापूस काळा झाला, मला वाटलं मळ निघतोय, म्हणून आणखी चोळलं. तो लेपच विरघळत होता. नाना कोण, कुठून बोलत होते, काय निरोप होता, सगळं त्या कापसाच्या बोळ्यात गेलं. चिठ्ठी अजून आहे माझ्याकडे.

तुम्ही रामबागेत, मी लोकमान्य नगरात. व्ही-डिस्क घेऊन या, तीन मिलची पिन आहे. तबकड्या उभ्या धरून आणा, रिक्षात मांडीवर आडव्या ठेवू नका. आणि सासूबाईंना बरोबर आणाच. त्यांनी सासऱ्यांच्या तोंडून कलकत्त्याबद्दल जे ऐकलं, ते आपण आधी मोबाइलवर उतरवू. कार्यक्रमाची दुसरी प्रत वॉशिंग्टनला असू शकते, सासूबाईंच्या आठवणीची नाही. त्यांना सरळ "आठवतं का?" असं विचारू नका, नाही म्हणतील. ट्रंक पुढ्यात ठेवा आणि "ही गोधडी कुणी शिवली?" इथून सुरुवात करा.

प्रश्न : वडील म्हणत, रेडिओ सिलोन हे मुळात फौजेचं स्टेशन. मला ती थाप वाटते.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : अर्धी थाप, अर्धं खरं. कोलंबोला मुलकी रेडिओ 1925 पासूनच होता. पण तो आपल्यापर्यंत पोचला तो फौजेच्या जिवावर. माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडनं 1944 मध्ये सैनिकांसाठी कोलंबोहून रेडिओ सीॲक सुरू केला. ब्रह्मदेशापासून पुढे पसरलेल्या पलटणींना गाठायचं, म्हणून एकला इथे 100 किलोवॅटचं शॉर्टवेव्ह प्रक्षेपक उभारलं. ते चालू होईतो लढाईच संपली होती! 1949 मध्ये ते सिलोन सरकारच्या ताब्यात आलं. छोट्या बेटाला एवढं मोठं प्रक्षेपक आयतं मिळालं, आणि त्याचा आवाका सगळ्या हिंदुस्थानभर.

पुढचं श्रेय पुण्यात जन्मलेल्या आपल्या बा. वि. केसकरांना. 1952 मध्ये ते नभोवाणीमंत्री झाले आणि आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटली. त्याच वर्षी 3 डिसेंबरला सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला लागली. मुंबईत टेपवर उतरवायची, विमानानं कोलंबोला पाठवायची आणि तिथून ती आपल्याकडे परत यायची. विविध भारती 1957 मध्ये आली, तोवर श्रोते केव्हाच समुद्रापार गेले होते. आमच्या वाड्यात बुधवारी आठ वाजता, गीतमालेच्या वेळेला, वडील छडी घेऊन राजवाड्याकडे फिरायला निघत. ते शास्त्रीय संगीतवाले, त्यामुळे घरात सिनेमाचं गाणं चालत नसे. पण मर्फी बंद करून जा, असं त्यांनी कधी सांगितलं नाही.

प्रश्न : काका सैन्यात होते, त्यांनी सीमेवरून रेडिओ ऐकत केलेल्या सात कॅसेट आहेत. आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. एमपीथ्री करून ठेवू का?
— एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : कॅसेट बिघडलीच असेल असं नाही. प्लेअरच्या हेडच्या बाजूला एक छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू ठेवून तो केसभर फिरवा, 'स' आणि 'श' स्पष्ट झाले की थांबा. ज्या यंत्रावर रेकॉर्ड केलं त्याचं हेड थोडं तिरकं असेल, तर तुमचंही तितकंच तिरकं करावं लागतं. त्याआधी कॅसेटच्या पाठीवरचे दोन्ही प्लॅस्टिकचे दात मोडून टाका, म्हणजे चुकून लाल बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही. मूळ प्रत डब्ल्यूएव्ही, म्हणजे आवाज न दाबता साठवणारी फाइल, 24 बिट. एमपीथ्री नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला.

प्रश्न : तुम्ही मागे लिहिलं होतं, की इंदुरात बसून अमेरिकन नौदलाचा रेडिओ ऐकायचात. साध्या रेडिओवर?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : दोन साध्या रेडिओंवर. हिंदी महासागरात दिएगो गार्सिया नावाचं बेट आहे, इंदूरहून जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, सुमारे 3,300 किलोमीटर. तिथल्या अमेरिकन तळावरून जहाजांसाठी त्यांची फौजी रेडिओ सेवा दिवसा 12579 आणि रात्री 4319 किलोहर्ट्झवर लागायची. गोम अशी, की ती सिंगल साइडबँडवर असे. वीज वाचावी म्हणून त्यात मूळ वाहक लहरच, म्हणजे जिच्यावर आवाज बसून येतो तीच, गाळलेली असते. साध्या सेटवर त्यामुळे माणूस बोलतोय की बदक, कळत नाही.

मग मी दुसरा छोटा ट्रान्झिस्टर पहिल्याला खेटून ठेवला. प्रत्येक सेट आपल्या पोटात स्वतःची एक लहर तयार करतो. बहुतेक सेटांत ती काट्यावरच्या आकड्यापेक्षा 455 किलोहर्ट्झनं वर असते. म्हणजे दुसऱ्याचा काटा 3864 च्या आसपास आणायचा. त्याच्या पोटातली लहर नेमकी 4319 वर पडते आणि गाळलेल्या वाहकाची जागा घेते. दुसऱ्याचा आवाज बंद, आणि काटा नखानं सरकवायचा. बोटानं सरकवला तर गेलंच.

थंडीच्या रात्री, गच्चीत टाकीपासून लिंबाच्या झाडापर्यंत ताणलेली तांब्याची तार, आणि मी रजई घेऊन दोन सेटांपुढे. सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, "एवढ्या रात्री बदकं कसली पाळलीत?" मी काटा केसभर सरकवला. बदकं एकदम माणसं झाली, कुठल्याशा बेसबॉलच्या सामन्याचा गुणफलक सांगू लागली. त्या पाच मिनिटं उभ्या राहून ऐकत होत्या. मग विचारलं, "आपली मॅच नाही का लागत यावर?"