सजवलेला ईमेल दृष्टिहीन वाचकांना नीट वाचता यावा म्हणून काय करावे?

आपल्या वाचनालयाचे मासिक वार्तापत्र रंगीत मांडणीत ईमेलने जाते, काही सभासद दृष्टिहीन आहेत, आणि त्यांच्यासाठी सजावट काढून नुसता मजकूर पाठवावा का, असे आपण विचारले आहे. सजावट काढण्याचे कारण नाही. शीर्षकांना एचटीएमएलमध्ये, म्हणजे ईमेलची मांडणी ठरवणाऱ्या संकेतभाषेत, शीर्षकाचीच खूण दिलेली असेल, तर एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरणारा वाचक ‘एच’ ही एक कळ दाबत एका शीर्षकावरून पुढच्या शीर्षकावर जातो. सपाट मजकूर मात्र त्याला पहिल्या ओळीपासून ऐकत बसावा लागतो. अक्षरे नुसती मोठी आणि ठळक केल्याने ही सोय होत नाही.

वार्तापत्रे तयार करून देणे हा माझा व्यवसाय आहे, आणि मराठी संस्थांच्या ईमेलमध्ये मला सर्वांत जास्त आढळणारा अडथळा चित्राचा आहे. निमंत्रणपत्रिका डीटीपीवाल्याकडे युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी प्रमाण पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये तयार होते आणि तिचे जेपीजी करून ईमेलमध्ये लावले जाते. ऐकणाऱ्याला ‘ग्राफिक’ एवढा शब्द किंवा फार तर फाइलचे नाव ऐकू येते. वक्ता, तारीख, वेळ, स्थळ सगळे चित्रात अडकलेले असते. डीटीपीच्या मूळ फाइलमधून तो मजकूर उचलून ईमेलमध्ये चिकटवला तरी भागत नाही, कारण त्या फॉन्टच्या आड रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात व स्क्रीन रीडर तीच वाचतो. त्यामुळे निमंत्रण युनिकोडमध्ये पुन्हा टंकित करणे हाच उपाय आहे. त्याचा फायदा डोळसांनाही होतो, कारण काही ईमेल प्रोग्राम चित्रे आपणहून उघडतच नाहीत.

जी चित्रे ठेवायची, त्यांच्या ‘ऑल्ट’ या गुणधर्मात पर्यायी मजकूर, म्हणजे चित्राऐवजी वाचले जाणारे वर्णन, द्यावा. नक्षी किंवा वेलबुट्टी असेल तर तो गुणधर्म रिकामा ठेवावा, पण गाळू नये, नाहीतर फाइलचे नाव वाचले जाण्याचा धोका राहतो.

दोन स्तंभांची मांडणी बहुधा तक्त्याने केलेली असते, कारण विंडोजवरील जुने आउटलुक वर्डच्या यंत्रणेने ईमेल दाखवते आणि तिथे आधुनिक मांडणी टिकत नाही. स्क्रीन रीडर आधी ‘तक्ता, इतक्या ओळी, इतके स्तंभ’ असे सांगतो आणि मग ओळीने आडवे वाचत जातो. डावीकडे कार्यक्रम आणि उजवीकडे नवी पुस्तके असतील, तर कार्यक्रमाचे नाव, पुस्तकाचे नाव, कार्यक्रमाची तारीख, पुस्तकाचा लेखक अशी खिचडी कानावर पडते. अशा तक्त्याच्या ‘रोल’ या गुणधर्मात ‘प्रेझेंटेशन’ लिहिले की ती घोषणा थांबते, पण क्रम सुधारत नाही. त्यासाठी एक विषय एकाच चौकटीत संपवावा लागतो. मी तर एकच स्तंभ ठेवतो, मोबाइलवरही तोच बरा दिसतो.

तयार टेम्पलेटमध्ये भाषेच्या जागी बहुधा इंग्रजीची ‘ईएन’ ही खूण असते. तिथे ‘एमआर’ लिहावे, म्हणजे वाचकाच्या संगणकावर मराठी आवाज असल्यास तो निवडला जाऊ शकतो. दुव्यांवर ‘येथे क्लिक करा’ असे लिहू नये. अनेक दृष्टिहीन वाचक दुव्यांची यादी वेगळी काढून ऐकतात आणि त्या यादीत हेच तीन शब्द पुन्हा पुन्हा येत राहतात. ‘जुलैच्या व्याख्यानाची नोंदणी’ असे लिहिले की प्रश्न मिटतो.

अल्पदृष्टी सभासदांसाठी अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक (कॉन्ट्रास्ट) डब्ल्यूसीएजी या वेब-सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या निकषानुसार किमान 4.5 : 1 असावा, मोठ्या अक्षरांना 3 : 1 चालतो. पांढऱ्यावर केशरी अक्षरे, जी आपल्याकडे फार लोकप्रिय आहेत, या कसोटीला बहुधा उतरत नाहीत.

एनव्हीडीए मोफत मिळते. अंक पाठवण्यापूर्वी तो स्वतःला पाठवून, चित्रे बंद करून आणि पडद्याकडे न पाहता एकदा पूर्ण ऐकावा, आणि शक्य असल्यास आपल्या दृष्टिहीन सभासदांपैकी एखाद्यालाही आधी ऐकायला द्यावा. त्यांच्यासाठी वेगळी आवृत्ती मात्र काढू नये. घाईच्या महिन्यात नेमकी तीच राहून जाते.